गार्डनेरेलाची स्लाइड वाचताना आधी लॅक्टोबॅसिलस मोजा

योनिस्रावाची स्लाइड हातात आली की लॅबमध्ये नव्याने रुजू झालेली मुलं-मुली लगेच क्लू सेल, म्हणजे जिवाणूंनी झाकलेली पेशी, शोधायला लागतात. पुस्तकातलं ते चित्र डोक्यात पक्कं बसलेलं असतं आणि ती पेशी सापडली की काहीतरी मिळाल्याचा आनंद होतो. मीही सुरुवातीला हेच करायचे. सतरा वर्षं मायक्रोस्कोपपुढे बसल्यावर माझी पद्धत आता उलटी झाली आहे. जे असायलाच हवं ते जागेवर आहे का, हे मी आधी बघते. नको ते नंतर शोधते. असायला हवेत ते लॅक्टोबॅसिलस, म्हणजे योनी आम्लधर्मी ठेवणारे चांगले जिवाणू, आणि नको असलेल्यांत सगळ्यात बदनाम गार्डनेरेला व्हजायनॅलिस हा जिवाणू. ही स्लाइड स्वॅब (कापूस लावलेल्या काडीवर स्राव) घेण्यापासून रिपोर्टवर सही होईपर्यंत कशी हाताळायची, ते माझ्या कामाच्या क्रमाने सांगते. लॅबमध्ये काम न करणाऱ्या, पण असा रिपोर्ट हातात पडलेल्या बायकांसाठीही शेवटी लिहिलं आहे. ते माझ्या दृष्टीने तितकंच महत्त्वाचं आहे.

आधी या जिवाणूची ओळख. १९५३ मध्ये लिओपोल्ड यांनी एका बारीक दांडुकीसारख्या जिवाणूचं वर्णन केलं. १९५५ मध्ये गार्डनर आणि ड्यूक्स यांनी त्याचा योनिस्रावाच्या आजाराशी (आज ज्याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात) संबंध दाखवला आणि त्याला हीमोफिलस व्हजायनॅलिस हे नाव दिलं. पुढे त्याला कॉरिनेबॅक्टेरियम म्हटलं गेलं, आणि १९८० मध्ये त्याचा वेगळा वंश करून गार्डनर यांच्यावरून गार्डनेरेला हे नाव ठेवलं गेलं. नावाची ही ओढाताण का झाली, ते स्टेन करताना, म्हणजे स्लाइड रंगवताना, कळतं. याची पेशीभित्तिका मुळात ग्राम पॉझिटिव्ह, म्हणजे ग्राम स्टेनचा जांभळा रंग धरणाऱ्या, घडणीची, पण इतकी पातळ की जांभळा रंग धरून ठेवू शकत नाही. म्हणून एकाच स्लाइडवर काही दांडुक्या जांभळ्या, काही गुलाबी दिसतात. याला ग्राम व्हेरिएबल म्हणतात.

१९५५ च्या त्याच कामातली एक गोष्ट मी प्रत्येक नवीन सहकाऱ्याला सांगते. निव्वळ गार्डनेरेलाचं शुद्ध कल्चर (लॅबमध्ये वाढवलेले जिवाणू) १३ निरोगी स्त्रियांच्या योनीत घातलं, तेव्हा फक्त एकीला आजार झाला. आजारी स्त्रीचा स्राव जसाच्या तसा १५ जणींना दिला, तेव्हा ११ जणींना झाला. असा प्रयोग आज कुठलीही नैतिकता समिती होऊ देणार नाही, आणि देऊही नये. पण त्या स्त्रियांच्या अंगावर जे आकडे मिळाले, ते सांगतात की हा जिवाणू एकटा आजार करत नाही. अख्खी वस्ती बदलावी लागते. निरोगी बाईतही तो सापडतो. म्हणूनच 'गार्डनेरेला दिसला' एवढ्यावर आजार ठरवता येत नाही.

आता स्वॅब. तो योनीच्या बाजूच्या भिंतीवरून घ्यायचा. गर्भाशयमुखाजवळ साचलेला चिकट स्राव अल्कधर्मी असतो, तो स्वॅबला लागला की पीएच (आम्लता जितकी कमी तितका जास्त येणारा आकडा) खोटा वाढतो. रक्त आणि वीर्य यांनीही तेच होतं, म्हणून पाळी चालू आहे का आणि आदल्या दिवशी संबंध आला होता का, हे विचारून फॉर्मवर लिहून घ्या. विचारायला संकोच वाटतो, मलाही वाटायचा. पण न विचारता चुकीचा आकडा देणं जास्त वाईट. जंतुनाशक लावून पुसल्यावर किंवा जेली वापरल्यावर घेतलेला स्वॅब मी परत मागते. आत तपासणी करून घेणं बाईला नको असेल, तर तिने स्वतः घेतलेला स्वॅबही ग्राम स्टेनसाठी चालतो. हे तिला आवर्जून सांगा, कारण कित्येकजणी त्याच भीतीने तपासणी टाळतात.

दोन स्वॅब घ्या. पहिल्याने पीएच आणि स्मिअर (काचेवर स्रावाचा पातळ थर), दुसरा सलाइनमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्यात. सलाइनमध्ये बुडवलेल्या स्वॅबवर पीएच पाहायचा नाही. पट्टी ४ ते ६ च्या दरम्यान बारीक फरक दाखवणारी हवी. १ ते १४ ची सरसकट पट्टी इथे कामाची नाही, कारण सगळा प्रश्न ४.५ च्या अलीकडे की पलीकडे एवढाच आहे. स्मिअर करताना स्वॅब काचेवर घासू नका, लाटा. बोटांत काडी फिरवत हलक्या हाताने पुढे न्यायची. घासलं की पेशी फाटतात आणि फाटलेल्या पेशीची कडा क्लू सेलच्या कडेसारखी दिसते.

सलाइनचा थेंब, वर कव्हरस्लिप, की झालं वेट माउंट. हे ताजंच बघायचं, कारण ट्रायकोमोनास हा एकपेशीय परजीवी असेल तर तो हलतो यावरूनच ओळखू येतो आणि स्लाइड गार झाली की तो स्वस्थ पडून राहतो. कंडेन्सर खाली घ्या, डायफ्रॅम आवळा. उजेड जास्त असला की पारदर्शक पेशी उजेडात विरून जातात. दहाच्या लेन्सवर एकदा सगळीकडे फिरा, मग चाळीसवर या.

योनीच्या अस्तराची निरोगी एपिथेलियल पेशी मोठी, चपटी, एखाद्या कोपऱ्यावर दुमडलेली, मधे छोटं केंद्रक आणि भोवती पेन्सिलीने ओढल्यासारखी स्वच्छ कडा. क्लू सेलमध्ये नेमकी ती कडाच हरवते. काचेवर बारीक वाळू भुरभुरावी तसे ठिपके पेशीभर पसरलेले असतात आणि कड उंदराने कुरतडल्यासारखी खडबडीत दिसते. हे ठिपके म्हणजे पेशीला चिकटून बसलेले असंख्य जिवाणू. गार्डनेरेला इथे पायाचं काम करतो. तो पृष्ठभागाला धरून चिकट थर बांधतो, त्याला बायोफिल्म म्हणतात, आणि बाकीचे ऑक्सिजन न मानवणारे जिवाणू त्या थरात येऊन राहतात.

माझा नियम साधा आहे. नजर पेशीच्या कडेवर ठेवायची. मधे कितीही ठिपके असले आणि कड स्वच्छ असली, तर मी तिला क्लू सेल म्हणत नाही. जुन्या, झिजलेल्या पेशीत स्वतःचेच दाणे असतात. कधी लॅक्टोबॅसिलसही पेशीवर चिकटलेले असतात, पण ते लांब आणि सरळ असतात, काड्या टाकल्यासारखे. शंभर पेशी मोजल्या आणि त्यांत वीस किंवा जास्त क्लू सेल निघाल्या तरच ती खूण धरायची. एकदोन सापडल्या म्हणून नाही.

त्याच वेळी आजूबाजूला पस सेल्स (पुवातल्या पांढऱ्या पेशी) किती आहेत ते बघा. या आजारात त्या फारशा नसतात. म्हणून तर याला दाह सुचवणारं व्हजायनायटिस न म्हणता व्हजायनोसिस म्हणतात. फील्डभर, म्हणजे लेन्समधून एका वेळी दिसणाऱ्या सगळ्या गोलात, पस सेल्स असतील तर ट्रायकोमोनास पुन्हा शोधा, कॅन्डिडा (यीस्ट, म्हणजे बुरशी) शोधा, आणि गर्भाशयमुखाचा संसर्ग असू शकतो असं डॉक्टरांच्या लक्षात आणून द्या.

वासाची चाचणी म्हणजे स्रावावर १० टक्के केओएच या अल्कलीचा थेंब टाकायचा. माशासारखा वास क्षणभर येतो आणि जातो, म्हणून थेंब टाकताच लक्ष द्या. नाक स्लाइडला लावायचं नाही, हाताने वारा घेऊन हुंगायचं. वास येतो अमाइन्सचा, मुख्यतः ट्रायमिथिलअमाइनचा. आम्लात ते विरघळून असतात, अल्कली मिळाली की वायू होऊन उडतात. अनेकजणी सांगतात, "संबंधानंतर वास जास्त येतो," किंवा "पाळीच्या दिवसांत येतो," आणि सांगताना मान खाली जाते. वीर्य आणि रक्त दोन्ही अल्कधर्मी असतात. लॅबमध्ये मी केओएचच्या थेंबाने जे करते तेच तिच्या शरीरात आपोआप होत असतं. हे एवढं सांगितलं तरी तिचा चेहरा सैल होतो, हे मी पाहिलं आहे.

पातळ, एकसारखा, भिंतीला चिकटलेला राखाडी-पांढरा स्राव, ४.५ च्या वर पीएच, वास आणि क्लू सेल्स या चारांपैकी तीन खुणा मिळाल्या की बॅक्टेरियल व्हजायनोसिस. हे ॲम्सेल यांचे १९८३ चे निकष. दवाखान्यात बसल्या बसल्या होतात, म्हणून आजही वापरात आहेत.

माझा खरा भरवसा मात्र ग्राम स्टेनवर. आणि माझी सगळ्यात मोठी चूकही तिथलीच.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. एका सकाळी मी अकरा स्मिअर स्टेन केले आणि अकराही रोगट वाचले. सगळीकडे गुलाबी दांडुक्या, जांभळं काहीच नाही. मला संशय यायला हवा होता, आला नाही. आमच्या मॅडमनी वहीत ओळीने लिहिलेले आकडे पाहिले आणि विचारलं, "रंग उतरवायला किती वेळ दिलास?" मी फोन घ्यायला वळले होते आणि ॲसिटोन-अल्कोहोल स्लाइडवर तसंच राहिलं होतं. गुलाबी दिसणाऱ्या त्या दांडुक्यांत अर्ध्याअधिक लॅक्टोबॅसिलसच होते, धुऊन रंग गेलेले. उरलेल्या स्वॅबांवरून नव्याने स्मिअर केले तेव्हा अकरातले सात निरोगी निघाले. तोपर्यंत एक रिपोर्ट गेला होता. त्या बाईला फोन करून परत बोलवावं लागलं. तिने औषध आणलं होतं, सुरू केलं नव्हतं. आधीची रात्र तिने कशी काढली असेल, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

तेव्हापासून प्रत्येक स्लाइडच्या एका टोकाला मी कंट्रोल ठेवते, स्टॅफिलोकॉकस आणि ई. कोलायचे दोन छोटे ठिपके. स्टॅफिलोकॉकस जांभळा आणि ई. कोलाय गुलाबी दिसला तरच पुढे वाचायचं. स्मिअर हवेत पूर्ण सुकू द्या, मिथेनॉलने फिक्स करा. क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग एक मिनिट, आयोडीन एक मिनिट. मग रंग उतरवताना स्लाइड तिरकी धरून थेंब थेंब सोडा, आणि ओघळ फिका झाला की लगेच पाणी. हे काम घड्याळापेक्षा डोळ्याने करायचं, आणि त्या काही सेकंदांत दुसरं काहीही करायचं नाही. शेवटी सॅफ्रानिनचा गुलाबी रंग.

आता ऑइल इमर्शन, म्हणजे हजारपट. न्यूजंट यांनी १९९१ मध्ये दिलेली गुणपद्धत सगळीकडे वापरतात. एकच फील्ड पाहून गुण द्यायचे नाहीत. मी निदान दहा बघते आणि सरासरी काढते. तीन आकार मोजायचे असतात.

पहिले लॅक्टोबॅसिलस, जाड, सरळ, जांभळे. इथे हिशेब उलटा आहे. फील्डमध्ये ३० पेक्षा जास्त असतील तर शून्य गुण, ५ ते ३० असतील तर १, १ ते ४ असतील तर २, सरासरी एकापेक्षा कमी असतील तर ३, आणि एकही नसेल तर ४. दुसरे गार्डनेरेला आणि बॅक्टेरॉइड्ससारखे बारीक, ग्राम व्हेरिएबल किंवा गुलाबी. यांना सरळ हिशेबाने, एकही नसेल तर शून्य आणि ३० च्या वर असतील तर ४. तिसरे मोबिलंकससारखे वाकडे, स्वल्पविरामासारखे. यांना जास्तीत जास्त २ गुण: एकही नसेल तर शून्य, पाचपेक्षा कमी असतील तर १, पाच किंवा जास्त असतील तर २.

बेरीज ० ते ३ आली तर निरोगी, ४ ते ६ मधली अवस्था, ७ ते १० बॅक्टेरियल व्हजायनोसिस.

समजा लॅक्टोबॅसिलस फील्डला तीनेक आहेत, म्हणजे २ गुण. बारीक दांडुक्या वीसेक, म्हणजे ३. वाकडे नाहीत. बेरीज ५. बारीक दांडुक्यांची गर्दी पाहून हात ७ लिहायला शिवशिवतो, पण लॅक्टोबॅसिलस अजून टिकून आहेत. कदाचित वस्ती सावरते आहे, कदाचित ढासळते आहे. एका स्लाइडवरून दिशा कळत नाही. मी 'मधली अवस्था' लिहिते, क्लू सेल्स होत्या की नाही ते लिहिते, आणि तक्रार असेल तर काही दिवसांनी पुन्हा तपासा असं सुचवते. म्हणूनच मी आधी लॅक्टोबॅसिलस मोजते. एकदा गर्दीवर नजर खिळली की तुरळक जांभळ्या काड्या दिसेनाशा होतात.

दोन ठिकाणी सांभाळा. लॅक्टोबॅसिलस आयनर्स ही जात आखूड असते आणि पुष्कळदा गुलाबीच दिसते, त्यामुळे ती गार्डनेरेलात मोजली जाऊ शकते. शंका आली तर पीएच बघा, तो ४ च्या आसपास असेल तर स्लाइडवर पुन्हा बसा. दुसरं म्हणजे वय. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी होतं, पेशीतलं ग्लायकोजेन कमी होतं, आणि त्यावर जगणारे लॅक्टोबॅसिलस आपोआप घटतात. वयात न आलेल्या मुलीतही ते नसतात. तिथे लॅक्टोबॅसिलस नाहीत म्हणून आजार आहे असं लिहिणं चूक. फॉर्मवर वय नसेल तर मी स्लाइड बाजूला ठेवते आणि वय विचारून घेते.

कल्चर करायचं का, असं बरेच डॉक्टर विचारतात. गार्डनेरेला वाढतो, माणसाच्या रक्ताच्या अगारवर (जिवाणू वाढवायच्या माध्यमावर), कार्बन डायऑक्साइडमध्ये, ४८ तासांत, कडेला मऊसर पारदर्शक वलय करत. मेंढीच्या रक्तावर ते वलय येत नाही. दिसायला सुंदर दिसतं, मान्य आहे. पण तो निरोगी बाईतही वाढणार, मग त्यावरून ठरवायचं काय? शिवाय २०१९ पासून आपण ज्याला एकच गार्डनेरेला समजत होतो त्यातून लिओपोल्डाय, पिओटाय, स्विडसिन्स्काय अशा वेगळ्या जाती काढल्या गेल्या आहेत. या निदानासाठी मी कल्चर करत नाही, आणि कुणी मागितलं तर फोन करून कारण सांगते.

रिपोर्टमध्ये 'गार्डनेरेला ++' असं लिहू नका. मी लिहिते: न्यूजंट गुण ८, बॅक्टेरियल व्हजायनोसिसशी सुसंगत, क्लू सेल्स आढळल्या, पस सेल्स तुरळक, यीस्ट आढळलं नाही, वेट माउंटमध्ये ट्रायकोमोनास आढळला नाही. शेवटच्या दोन ओळी गाळू नका, कारण दोन आजार एकत्र असू शकतात.

आता रिपोर्ट घ्यायला येणाऱ्या बायकांसाठी. खिडकीपाशी मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हळू आवाजात येतो: "ताई, हे स्वच्छता न ठेवल्यामुळे झालं का?" नाही. उलट आतून धुण्याने, साबणाने, सुगंधी पाण्याने लॅक्टोबॅसिलस वाहून जातात आणि आजाराची शक्यता वाढते. बाहेरून साधं पाणी पुरे. दुसरा प्रश्न, "हे ह्यांच्याकडून आलं का?" संबंधातून जिवाणूंची देवाणघेवाण होते हे खरं. पण कुणाकडून आलं आणि कधी आलं, हे या रिपोर्टवरून कुणीही सांगू शकत नाही. त्यावरून घरात कुणावर आरोप होऊ नये म्हणून मी हे दोनदा सांगते.

अंगावरून पांढरं जातंय म्हणून मागच्या वेळची उरलेली गोळी आत ठेवू नका. खूप खाज आणि दह्यासारखा घट्ट स्राव असेल तर बहुधा कॅन्डिडा असतो, आणि त्यात पीएच सहसा वाढत नाही. पातळ स्राव, वास जास्त, खाज कमी, अशी या आजाराची तऱ्हा. दोघांची औषधं वेगळी. इथे डॉक्टर सहसा मेट्रोनिडाझोल किंवा क्लिंडामायसिन देतात, आणि मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांचा नेहमीचा क्रम सात दिवसांचा असतो. तिसऱ्या दिवशी वास गेला म्हणून थांबू नका. क्लिंडामायसिनच्या क्रीममधलं तेल लॅटेक्स निरोध कमकुवत करतं, आणि हा परिणाम क्रीम संपल्यावरही काही दिवस राहतो. हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

अर्ध्याअधिक जणींमध्ये वर्षभरात आजार परत येतो. त्यात तुमची चूक नाही. तो चिकट थर पूर्ण निघत नाही हे त्याचं एक कारण, आणि जोडीदाराकडून पुन्हा येणं हे दुसरं. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पुरुष जोडीदारालाही गोळ्या आणि त्वचेवर लावायचं क्रीम दिलं, तेव्हा १२ आठवड्यांत आजार परतण्याचं प्रमाण ६३ वरून ३५ टक्क्यांवर आलं. पुन्हा पुन्हा होत असेल तर डॉक्टरांना हे थेट विचारा आणि शक्य असेल तर जोडीदाराला बरोबर न्या. गरोदर असाल तर ते पहिल्या वाक्यात सांगा, कारण या आजाराचा अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाशी संबंध आढळला आहे. आणि काहीच त्रास नसताना दुसऱ्या कुठल्या तपासणीत गुण ८ निघाला, तर दर वेळी औषध लागतंच असं नाही, ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.

वाचून झालेल्या स्लाइडवरचं तेल मी लेन्स पेपरने टिपून घेते आणि स्लाइड तारखेनिशी डबीत ठेवते. तीच बाई दोन महिन्यांनी परत आली की जुनी आणि नवी स्लाइड एकापाठोपाठ एक बघते. कागदावर दोन्ही वेळा ८ असतो, पण कधी कधी जुनीवर एकही जांभळी काडी नसते आणि नवीवर चार फील्डांत मिळून दोन दिसतात. हे रिपोर्टच्या रकान्यात बसत नाही, म्हणून खाली शेरा लिहिते.